फ्रीव्हील

इंजिन बंद पडलं तेव्हा आधी आवाज गेला नाही.
आधी नाक डावीकडे वळलं,
मागून कुणी नाव घेऊन हाक मारल्यासारखं.
मग भोंगा : पाती मंदावतायत.
माझा डावा हात माझ्याआधी शहाणा झाला.
दांडा खाली. पार तळाला.

ढालगावच्या पुढचं माळरान, रात्रीचे सव्वाआठ,
उंची पंधराशे फूट,
म्हणजे पन्नासेक सेकंद,
तेही हात चुकला नाही तर.

उजेडीच निघायचं होतं.
एका कागदावर एक सही राहिली
आणि सहीवाले साहेब कुणाच्या तरी साखरपुड्यात.

मागे डॉक्टर मुल्लाणी, मांडीवर बर्फाची पेटी,
पेटीत जतला न्यायच्या रक्ताच्या सहा पिशव्या.
‘उतरतोय का आपण?’
‘हो.’
‘जत आलं?’
‘नाही. इथंच.’
त्यांनी पेटीवर दुसराही हात ठेवला.

तासगावात अण्णांचं सायकलचं दुकान होतं.
सात वर्षांची असताना मी विचारलं होतं,
पायडल थांबलं तरी चाक का थांबत नाही?
अण्णांनी फ्रीव्हील खोलून वर्तमानपत्रावर मांडलं :
दातेरी चकती, केसाएवढी स्प्रिंग, दोन इवली कुत्री.
‘पाय ओढतात तेव्हा ही कुत्री चावतात.
पाय थांबले की सोडून देतात.
चाकाला तुझी गरज फक्त चढाला.’

आता डोक्यावर तेच.
मेलेल्या इंजिनाने पात्यांना सोडून दिलं होतं
आणि खालून येणारा वारा त्यांना फिरवत होता.
पडणं हेच इंधन.
वाक्य बरं आहे, पण मला तेव्हा सुचलं नव्हतं.
तेव्हा मी फक्त आकडे वाचत होते :
पासष्ट, पासष्ट, एकोणसत्तर,
नाक जरा वर,
पासष्ट.

डावीकडे उजेड होता, भरपूर.
शेवंतीच्या एका रानावर ओळीने बल्ब लावलेले,
फुलं उशिरा यावीत म्हणून
रात्रभर फसवतात त्यांना.
लख्ख, सपाट, सारवलेल्या अंगणासारखं.
सगळा जीव तिकडे ओढला.
पण बल्ब म्हणजे तार. तार म्हणजे खांब.
मी उजेडाकडे पाठ केली
आणि जिथे काहीच दिसत नव्हतं तिथे वळले.

क्षितिजावर पवनचक्क्यांचे लाल दिवे
उघडत होते, मिटत होते.
सकाळी येताना पाहिलं होतं,
सगळ्यांची तोंडं पश्चिमेला.
वारा बदलला नसेल एवढ्याच भरवशावर
मीही तोंड पश्चिमेला केलं.

पाचशे फुटांवर दिवा लावला.
धसकटं. ज्वारी काढून नेलेलं रान.
एक बांध. बांधाच्या अलीकडे पांढरे दगड.
दगड हलले.
मेंढरं!
नाक वर. मेंढरांवरून, बांधावरून,
वेग सांडत, सांडत,
मग सपाट,
आणि पात्यांत साठलेलं सगळं फिरणं
एकाच ओढीत खर्चून टाकलं.
दुसरी ओढ नसते.

टेकलो. आदळलो म्हणा हवं तर.
धसकटं मोडत दहा-बारा फूट घसरलो
आणि थांबलो.
पाती अजून फिरत होती, आळसावून.
बॅटरी घेऊन बिराप्पा कोळेकर आले.
आधी मेंढरं मोजली.
मग मला विचारलं,
‘तेल संपलं व्हय, बाई?’

त्यांच्या नातवाने मोटरसायकल काढली.
डॉक्टर मागे बसले, पेटी दोघांच्या मध्ये.
तेव्हा कुठे माझे हात थरथरायला लागले.
मी मागचा तांबडा दिवा बघत राहिले,
फटफट ऐकत राहिले.
मग उतार लागला असावा,
कारण पोराने पेट्रोल वाचवायला इंजिन बंद केलं
आणि गाडी अंधारातून
नुसतीच जतकडे घरंगळत गेली.